पेजमेकरची पानं, विंडोज ११चा संगणक

मराठी पुस्तकांचा एक मोठा साठा आजही पेजमेकरच्या फायलींत पडून आहे. ॲल्डस कंपनीनं १९८५ साली आणलेलं हे सॉफ्टवेअर १९९४मध्ये अडोबीकडे गेलं. २००१मध्ये त्याची ७.० ही आवृत्ती आली आणि तीच शेवटची ठरली. पुस्तकांची मागणी मात्र थांबत नाही. पुनर्मुद्रणाची वेळ आली की प्रकाशक जुनी सीडी घेऊन येतात, सोबत छापील प्रत असते, आणि म्हणतात, “एक ओळही हलायला नको.” सूचीतले पृष्ठक्रमांक जुन्या पानांवर बेतलेले असल्यानं हा आग्रह अगदी रास्त असतो.

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. ३२-बिट प्रोग्रॅम त्यावर चालतात, १६-बिट अजिबात नाहीत. पेजमेकर ७ हा ३२-बिट, त्यामुळे तो बहुधा उघडतो. आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत जायचं आणि विंडोज एक्सपी निवडायचं. त्याखालच्या ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’वरही बरेचजण टिक करतात, कारण त्या काळातले अनेक प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्येच लिहून ठेवत आणि व्हिस्टापासून ॲडमिनचे अधिकार मुद्दाम दिल्याशिवाय तिथे लिहिता येत नाही. मी त्यापेक्षा प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. रोजच्या कामाला ॲडमिनचे अधिकार देणं मला पटत नाही.

खरी अडचण मराठी फॉन्टची. त्या पिढीतली बहुतेक जुळणी मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये झाली; दोन्ही पुण्यातली. अशा सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती हार्डवेअर लॉकवर, म्हणजे डोंगलवर चालत. पॅरलल पोर्टचं डोंगल लावायला आजच्या लॅपटॉपला जागाच नाही. यूएसबीचं असलं, तरी त्याचा ड्रायव्हर ३२-बिटचा असेल तर ६४-बिट विंडोज तो घेत नाही. इथे कम्पॅटिबिलिटीची कुठलीही टिक उपयोगी पडत नाही. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपीचा आभासी संगणक उभा करायचा, डोंगल त्याच्याकडे वळवायचं आणि त्याचं इंटरनेट बंद ठेवायचं. एक्सपीची सुरक्षा अपडेट्स ८ एप्रिल २०१४लाच थांबली आहेत, तेव्हा ही खबरदारी टाळून चालणार नाही. फायलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून करायची.

आता फाइल उघडायची. फॉन्ट सापडला नाही तर पेजमेकर ‘पॅनोज फॉन्ट मॅचिंग’ची चौकट दाखवतो: एका बाजूला हरवलेला फॉन्ट, दुसऱ्या बाजूला त्यानं स्वतः सुचवलेला पर्याय, बहुतेक वेळा एखादा इंग्रजी. खाली ‘टेम्पररी’ आणि ‘पर्मनंट’. इथे हात आवरायचा. ‘पर्मनंट’ करून फाइल सेव्ह केली, तर कुठल्या मजकुराला कुठला फॉन्ट होता ही माहितीच पुसली जाते. मथळ्याचा ठळक फॉन्ट आणि तळटीपेचा बारीक फॉन्ट नंतर छापील प्रत समोर ठेवून ओळखत बसावं लागतं. म्हणून चौकटीतली नावं टिपून घ्यायची, फाइल सेव्ह न करता बंद करायची, नेमके तेच फॉन्ट बसवायचे आणि पुन्हा उघडायची. चौकट आली नाही की मग पुढचं काम.

“युनिकोडमध्ये बदलून टाका ना एकदाचं,” असं नवीन मुलं सुचवतात. ‘निर्मिती’ हा एकच शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो दिसतो तसा साठवलेला असतो: आधी पहिली वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, मग म, त्यावर रफार. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर येते आणि रफाराचा र, हलन्त होऊन, म च्या आधी जाऊन बसतो. म्हणजे कन्व्हर्टरला प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. साध्या शब्दांत ते जमतं. जोडाक्षरावर रफार आणि अनुस्वार एकत्र आले की चुका शिरतात. त्या शोधायला पूर्ण पुस्तकाचं मुद्रितशोधन नव्यानं करावं लागतं. सुधारित आवृत्ती काढायची असेल, तर तो खर्च जरूर करावा, मजकूर पुढच्या पन्नास वर्षांसाठी मोकळा होतो. निव्वळ पुनर्मुद्रणासाठी मात्र जुनी पानं जुन्याच सॉफ्टवेअरमधून काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉन्ट जागेवर असूनही ओळी सरकल्या, तर डॉक्युमेंट सेटअपमधला ‘कम्पोज टु प्रिंटर’ पाहायचा. पेजमेकर पान जुळवताना प्रिंटरचाही विचार करतो, त्यामुळे तिथे पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरच निवडलेला हवा. त्याच प्रिंटरवर फाइल छापून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढायची आणि डिस्टिलरनं तिची पीडीएफ करायची. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी असते. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ दिसलंच पाहिजे, नाहीतर प्लेट काढणाऱ्याच्या संगणकावर त्याच पानाचा कचरा होईल.

तपासणीला एक जुना ऑपरेटर बसतो. सगळं वाचत नाही. छापील पुस्तक डाव्या हाताला, पडद्यावर पीडीएफ, आणि प्रत्येक पानाचा शेवटचा शब्द बोटानं जुळवत जातो. शब्द जुळला की पान उलटायचं. नाही जुळला, तर त्या पानाच्या पहिल्या परिच्छेदापासून ओळ न् ओळ पाहायची. सगळं जुळल्यावर फायली, फॉन्ट आणि तो आभासी संगणक एकाच हार्ड डिस्कवर उतरवून ती प्रकाशकांच्या हवाली करायची.