आधी तबकडी, मग पडदा

न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरात १९७१ साली येशूच्या अखेरच्या दिवसांवरचं ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक उभं राहत होतं, तेव्हा कितीतरी प्रेक्षकांना त्यातली गाणी आधीच तोंडपाठ होती. पंचाईत झाली ती त्यामुळेच.

संगीतकार अँड्रू लॉइड वेबर आणि गीतकार टिम राइस या विशीतल्या इंग्रजांना नाटकासाठी निर्माता मिळेना. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी एक गाणं बाजारात आणलं आणि १९७० मध्ये दोन तबकड्यांचा संच. त्यात ‘डीप पर्पल’ या रॉक बँडचा इयन गिलन येशू होता आणि मरे हेड त्याला दगा देणारा शिष्य ज्यूदास. अमेरिकेत हा संच खपाच्या यादीत पहिला आला. मराठी संगीत नाटकांची पदं थिएटरात गाजून तबकडीवर जात. इथे गंगा उलटी वाहिली.

प्रेक्षकांच्या कानात तबकडीवरचा आवाज बसला होता. पण स्टुडिओत गिटार आणि गळा यांचा तोल जमेपर्यंत गाणं पुन्हा पुन्हा घेता येतं. रंगमंचावर ती सोय नाही. त्यात या नाटकात गद्य संवाद जवळपास नाहीतच, सगळी कथा गाण्यांतून पुढे सरकते. बँडच्या आवाजाखाली शब्द बुडाला की नाटकच बुडालं. तसं झालंही, ध्वनियंत्रणेच्या घोळामुळे पहिला पूर्वप्रयोग रद्द करावा लागला.

मग एब जेकब यांना बोलावणं गेलं. जिमी हेंड्रिक्ससारख्यांच्या रॉक मैफलींचा आवाज सांभाळलेला हा माणूस. नटांच्या हाती माइक आले. माइक ओठांशी असला की तो बँडपेक्षा गळा जास्त पकडतो आणि आवाज चढवला तरी शिट्टी मारत नाही. अंगावर बायबलकालीन झगा आणि हातात माइक, हे दृश्य विचित्र खरं. पण शब्द पोचले! दिग्दर्शक टॉम ओ’हॉर्गन यांच्या भपकेबाज नेपथ्याची चर्चा खूप झाली. तितकीच जेकब यांच्या कानाची व्हायला हवी होती.

१२ ऑक्टोबरला नाटक उघडलं, तेव्हा थिएटरबाहेर निदर्शक उभे होते. ज्यूदासला सहानुभूती मिळते आणि येशूचं पुनरुत्थान दाखवलेलंच नाही, यावर अनेक ख्रिस्ती मंडळी चिडली होती. ज्यू संघटनांचा आक्षेप वेगळा होता: ज्यू धर्मगुरूंना खलनायक रंगवून येशूच्या मृत्यूचा जुना ठपका पुन्हा ज्यूंवर ठेवला जातोय. ही भीती पोकळ नव्हती. याच ठपक्यापायी युरोपात शतकानुशतकं ज्यूंचं रक्त सांडलं होतं. खुद्द लॉइड वेबर यांनाही ही निर्मिती आवडली नाही, ती मात्र भपक्यामुळे. ७११ प्रयोगांनंतर ती थांबली. लंडनच्या पॅलेस थिएटरात जिम शर्मन यांनी १९७२ मध्ये नाटक नव्याने बसवलं आणि ३,३५८ प्रयोग झाले.

मुंबईत दिग्दर्शक अलेक पदमसींनी ते १९७४ मध्ये इंग्रजीतच केलं. त्यातला ज्यूदास मराठी घरातला होता: अभिनेते-दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचा मुलगा नंदू. चार वर्षांनी पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ हे मराठी संगीत नाटक आलं, तेव्हा त्याच्या संगीतकारांमध्ये नंदू भेंडे हे नाव होतं.