सिंहासन सोडणाऱ्या राणीचा चित्रपट

ऐतिहासिक चित्रपटाच्या सेटवर सर्वांत जिवापाड केले जाणारे काम म्हणजे सिंहासन. साच्यात काथ्या घालून प्लॅस्टर ओततात, सुटे सिंह आणि वेलबुट्टी लाकडी चौकटीवर बसवतात, घासून सोनेरी रंग फवारतात. खरे कसब त्यापुढचे. कारागीर पातळ काळपट रंगाचा हात देतो आणि तो ओला असतानाच फडक्याने पुसतो. काळपटपणा आयाळीच्या खोबणीत राहतो, उंचवटे उजळतात आणि कालचे प्लॅस्टर जुने सोने दिसू लागते. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला, तेव्हापासून असे दरबार इथे घडत आले. शिवरायांचे बत्तीस मणांचे सिंहासन हा बखरीतला आकडा तर आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. या हातांबद्दल आदरच वाटतो. तक्रार आहे ती पटकथेबद्दल, कारण तीही बत्तीस मणांपाशीच थांबते.

‘द यंग व्हिक्टोरिया’सारख्या चित्रपटात सिंहासनापाशी थांबणे साजते, कारण व्हिक्टोरिया १८३७ मध्ये अठराव्या वर्षी राणी झाली, आणि तिची वाट सिंहासनाकडेच जात होती. रायगडावरची कथा वेगळी आहे. शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक येसूबाई पती संभाजीराजांच्या गैरहजेरीत कारभार पाहत असे. ‘श्री सखी राज्ञी जयति’ हा शिक्का तिच्या नावे होता. फेब्रुवारी १६८९ मध्ये राजे मुघलांच्या हाती सापडले. पोटचा शाहू सात वर्षांचाही नव्हता. तरीही तिने एकोणीस वर्षांचे दीर राजाराम यांना गादीवर बसवण्यास संमती दिली. मार्चमध्ये वेढा पडला, एप्रिलमध्ये राजाराम निसटले, नोव्हेंबरमध्ये गड गेला आणि ती मुलासह कैदेत गेली. शाहू १७०७ मध्ये सुटला. ती परतली १७१९ मध्ये. म्हणजे सुमारे एकोणतीस वर्षे कैद. गडही सिद्दीच्या ताब्यात गेला, तो १७३३ पर्यंत.

कोणी म्हणेल, मसलत आणि वेढा पडद्यावर रंगत नाहीत. प्रेक्षकाला राज्याभिषेक हवा असतो. पण आईने मुलाचा हक्क बाजूला ठेवून दिराला गादी द्यावी, यापेक्षा मोठे नाट्य कोणते? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: त्या मसलतीतले शब्द कोणी टिपले नाहीत, मग संवाद कल्पनेचेच ठरणार. खरे आहे. पण निर्णय आणि त्याची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. संवाद त्या चौकटीत लिहिले तर कल्पना इतिहासाची वैरी ठरत नाही. गड गमावणे लाजिरवाणे वाटेल, ही भीतीही नको. त्या काही महिन्यांच्या झुंजीमुळे राजाराम जिंजीला पोहोचू शकले आणि राज्याला धनी उरला. निर्मात्यांना एवढेच सांगणे: बत्तीस मणांवर जेवढा खर्च करता, तेवढीच मेहनत त्या एकोणतीस वर्षांवर घ्या.