घागर घुमते तशी पेटी

घरच्या घरी सबवूफर : लेखांक ५

लखनौच्या मानक नगरात रेल्वेची आरडीएसओ ही संशोधन संस्था आहे, १९५७ साली स्थापन झालेली. नव्या घडणीचा डबा कोणत्या वेगाला किती डोलतो, हे तिथले अभियंते रुळांवर चाचण्या घेऊन मोजतात. डब्याचं वजन आणि खालची स्प्रिंग, या दोघांवर डोलण्याचा ताल ठरतो. अलीकडच्या अनेक डब्यांखाली तर ही स्प्रिंग हवेचीच असते. रबरी फुग्यात कोंडलेली हवा भरला डबा तोलून धरते.

सबवूफरच्या पेटीतही तेच घडतं. पेटीत कोंडलेली हवा ही स्प्रिंग, आणि पोर्टच्या नळीतली हवा हे तिच्यावर डोलणारं वजन. आश्विनातल्या अष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे घागर फुंकताना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको. मोठी घागर खर्जात घुमते, लहान वरच्या पट्टीत. पोट तेवढंच ठेवून तोंड अरुंद केलं, तर स्वर खाली उतरतो.

स्पीकरच्या पाठीमागचा आवाज पेटीत वाया जात असे. तो नळीवाटे कामाला लावण्याचं पेटंट अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये अमेरिकेत मिळालं.

आता माप घेऊ. पेटीची निव्वळ पोकळी ५० लिटर, आणि ती ३५ हर्ट्झला घुमवायची आहे. ड्रेनेजचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, आतला व्यास १०.४ सेंटिमीटर धरला, तर लांबी येते सुमारे ३४ सेंटिमीटर. हा पाइप स्वतःच सव्वातीन लिटर जागा खातो. ती पेटीत वाढवून धरावी लागते. त्याचं आतलं टोक मागच्या फळीपासून निदान एका व्यासाइतकं लांब हवं.

७५ मिलिमीटरच्या पाइपला हाच स्वर १४ सेंटिमीटरमध्ये साधतो. तुकडा आखूड, बसवायला सोपा, आणि घरगुती पेट्या फसतात त्या इथेच. त्याचं तोंड निम्म्याहून लहान, त्यामुळे तेवढीच हवा दुपटीहून अधिक वेगाने ये-जा करते. वेग सेकंदाला १७ मीटरच्या पुढे गेला की तबल्याच्या बायाँमागे फसफस ऐकू येऊ लागते. जागा असेल तर जाड पाइपच घ्यावा.

पाइप हिशेबापेक्षा चार सेंटिमीटर लांब कापावा आणि लगेच चिकटवू नये. स्पीकरच्या कोनावर खडूचा ठिपका द्यावा, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात लावून हळूहळू खाली आणावा. ठिपक्याची थरथर कमी होत जाते, एका जागी तो जवळजवळ थबकतो, आणि त्याच वेळी पोर्टपाशी धरलेल्या तळहाताला वारा जाणवतो. तोच पेटीचा स्वर. तो ३३ वर सापडला तर पाइप थोडा कापायचा, पुन्हा ऐकायचं.

त्या स्वराखाली मात्र कोनाला हवेचा आधार उरत नाही. तो मोकाट हलतो आणि कॉइल जायबंदी होते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर ३० हर्ट्झच्या आसपास लावूनच आवाज वाढवावा.