पदवीचा कस कसा लावावा?

विटा परिसरातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत. दागिना हाती आला, की ते नुसत्या वजनावर थांबत नाहीत. त्यात शुद्ध सोने किती, हे पाहतात. बारावीनंतर पॅरामेडिकल अभ्यासक्रम निवडताना मात्र आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो: फी किती आणि नोकरी लागते का? या निवडीपायी कधी घरातले सोने मोडावे लागते, कधी जमीन गहाण पडते. म्हणून हा हिशेब वर्गातच मुलांकडून करून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

रक्त तपासणारा तंत्रज्ञ, क्ष-किरण चित्र काढणारा, डोळ्यांचा नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट, लकवा झालेल्या रुग्णाला पुन्हा चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, यांच्याशिवाय आजचे रुग्णालय चालत नाही. विट्याच्या मुलांना या शिक्षणासाठी मिरज, सांगली, कराड ही गावे जवळची. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय 1894 सालचे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 सालचे.

आता खर्च पाहू. पुढचे आकडे काल्पनिक आहेत. पद्धत समजावी एवढाच त्यांचा उपयोग. समजा, दोन वर्षांच्या पदविकेला फी, राहणे, जेवण व प्रवास धरून वर्षाला 60 हजार लागतात. एकूण 1 लाख 20 हजार. चार वर्षांच्या पदवीला वर्षाला 1 लाख, म्हणजे 4 लाख लागतात आणि ते दरवर्षी आरंभी 1 लाख असे कर्जाने घेतले. पहिल्या लाखावर चार वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन, चौथ्यावर एक; म्हणजे एक लाखावर दहा वर्षांचे व्याज. दर साल दर शेकडा 10 या सरळव्याजाने ते 1 लाख होते.

एक खर्च मात्र पावतीवर कधीच दिसत नाही. पदविकेचा विद्यार्थी दोन वर्षे आधी कमवू लागतो. त्याला दरमहा 12 हजार मिळाले, तर दोन वर्षांत 2 लाख 88 हजार होतात. पदवी घेणारा तेवढ्या कमाईला मुकतो. म्हणजे पदवीचा जादा भार 2.80 + 1 + 2.88 = 6.68 लाख. पदवीमुळे पगार दरमहा 5 हजारांनी वाढला, तर ही रक्कम भरून यायला अकरा वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल; 10 हजारांनी वाढला, तर साडेपाच वर्षांच्या आसपास.

तेव्हा खरा प्रश्न पगाराचा. इथे सरासरी फसवते. पाच माजी विद्यार्थ्यांचे पगार 12, 14, 15, 18 आणि 91 हजार असतील, तर सरासरी 30 हजार येते. प्रत्यक्षात चौघांना त्याहून खूपच कमी मिळते. मधला आकडा, म्हणजे मध्यक, 15 हजार आहे. माहितीपत्रकात 91 हजारवाल्याचे छायाचित्र असते. आपण मध्यक विचारावा. किती जणांनी प्रवेश घेतला, किती उत्तीर्ण झाले आणि त्यांतले किती त्याच क्षेत्रात काम करतात, हेही विचारावे.

पैशांपलीकडची कसोटी मान्यतेची. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकला आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणासाठी किमान 2000 तासांची अट घातली. परिचारिकांसाठी स्वतंत्र परिचर्या परिषद आहे. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र देणारी संस्था ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणत असेल, तर हा तासांचा आकडा मुलांना आठवावा. परिषदेकडे नोंदणीच होत नसेल, तर स्वस्तातले शिक्षणही महागच पडते.

याचा अर्थ पदविका चांगली आणि पदवी वाईट, असा नव्हे. पुढचे शिक्षण, अध्यापन यांची दारे पदवी उघडते. काहींसाठी तेच मोलाचे. फी वाचवण्याचे मार्गही पाहावेत. 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने 2024 मध्ये घेतला. अटी मात्र प्रवेशापूर्वीच वाचाव्यात.

वर्गात चार गट करावेत. प्रत्येक गटाने एक अभ्यासक्रम घ्यावा, गावातल्या प्रयोगशाळेत, दवाखान्यात जाऊन काम करणाऱ्यांशी बोलावे आणि फळ्यावर वरीलप्रमाणे हिशेब मांडावा. उत्तरे वेगवेगळी येतील. ती का वेगळी आली, यावर चर्चा झाली, की गणिताचा तास सार्थकी लागला असे समजावे.