कारखान्याची जमीन आणि तिचे कवच

जबलपूरचे नाव घेताच भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांमधून वाहणारी नर्मदा डोळ्यांसमोर येते. या शहराची दुसरी ओळख तेथील कारखान्यांची आहे. 1904 साली येथे गन कॅरेज फॅक्टरीची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. 1969 साली लष्करी वाहनांचा कारखाना आला आणि 1970 नंतरच्या दशकात ग्रे आयर्न फाउंड्री ही ओतशाळा सुरू झाली. 2021 साली आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या, तेव्हा हे चार कारखाने चार निरनिराळ्या कंपन्यांकडे गेले. याशिवाय रिछाई, अधारताल अशा भागांत खाजगी कार्यशाळाही आहेत. अशा लहानमोठ्या सर्व ठिकाणी यंत्रांचा, वाहनांचा आणि माणसांचा भार जमीन वाहत असते. ती झिजू लागेपर्यंत तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ही जमीन बहुधा काँक्रीटची असते. काँक्रीट दगडासारखे भासते, परंतु ते अखंड दगड नव्हे. सिमेंट घट्ट होण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश पाणी पुरते. म्हणजे 50 किलोग्रॅमच्या पोत्याला बारा-तेरा लिटर पाणी रासायनिक क्रियेसाठी पुरेसे होय. पण तेवढ्या पाण्यात मिश्रण नीट पसरत नाही, म्हणून प्रत्यक्षात पुष्कळदा त्याच्या दुपटीइतके पाणी घातले जाते. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी केसाहूनही बारीक अशा असंख्य नळ्या मागे राहतात. शिवाय ओले काँक्रीट थापीने घोटताना पाणी आणि सिमेंटचा अतिसूक्ष्म अंश वर येतो. दुधावर साय यावी तसा हा पातळ, दुबळा थर पृष्ठभागावर वाळतो. चाकांच्या व पायांच्या घर्षणाने प्रथम तोच भुकटी होऊन उडू लागतो.

ही धूळ केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नाही. ती लेथच्या सरकमार्गांत आणि बेअरिंगांत शिरते व त्यांना झिजवते. काँक्रीटमधील वाळूत सिलिका असते. तिचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडू शकतो. सांडलेले तेल काँक्रीटच्या नळ्यांतून आत मुरते आणि जमीन निसरडी होते. अशा जमिनीवर संरक्षक थर देणे हा कामगाराच्या सुरक्षिततेचा आणि यंत्राच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

यावर उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे सोडियम सिलिकेटसारख्या द्रवाने जमीन भिजविणे. काँक्रीटमध्ये मुक्त चुना असतो. त्याच्याशी या द्रवाची क्रिया होऊन सिमेंटच्याच जातीचा कठीण पदार्थ नळ्यांमध्ये तयार होतो. हा उपाय स्वस्त आहे, त्याचे पापुद्रे निघत नाहीत आणि धूळ बरीच कमी होते. मात्र तेल व आम्ल यांपासून त्याने फारसे संरक्षण मिळत नाही. दुसरा उपाय म्हणजे पृष्ठभागावर वेगळे कवच चढविणे. त्यासाठी आज मुख्यत्वे एपॉक्सी ही कृत्रिम राळ वापरतात. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्ताँ आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्या विकासाचा पाया घातला. राळ आणि हार्डनर हे दोन घटक एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन जाळे बनते. हे जाळे पुन्हा वितळत नाही, आणि तेल, डिझेल वा सौम्य आम्ल त्याला सहज भेदू शकत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कवच कितीही मजबूत असले तरी ते ज्याला चिकटते त्याहून अधिक टिकू शकत नाही. दुबळ्या सायीवर चढविलेले एपॉक्सी त्या सायीलाच घट्ट धरते. पुढे ट्रकचे चाक वळले की साय सुटते आणि तिच्याबरोबर एपॉक्सीचा पोपडाही निघतो. दोष डब्यातील मालाला दिला जातो, पण तो बहुधा पूर्वतयारीत असतो.

या पूर्वतयारीत सर्वप्रथम तेल काढावे लागते. त्यासाठी क्षारयुक्त धुलाईद्रव व गरम पाणी वापरून जमीन पुनःपुन्हा घासतात. तेल खोल मुरले असेल तर तेवढा भाग खणून नव्याने भरणेच श्रेयस्कर. त्यानंतर साय काढावयाची. यासाठी घासण्याचे यंत्र किंवा पोलादी छर्ऱ्यांचा मारा हे उत्तम मार्ग होत. यंत्राला धूळ ओढून घेणारी नळी जोडलेली असावी, अन्यथा ज्या धुळीपासून बचाव करावयाचा तीच कामगाराच्या छातीत जाईल. लहान कार्यशाळांत पाण्यात मिसळलेले हायड्रोक्लोरिक आम्लही वापरतात. अशा वेळी आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये. आम्लाने तेल निघत नाही, म्हणून तेलकट जमिनीवर त्याचा उपयोग नाही. नंतर जमीन भरपूर पाण्याने धुवावी लागते आणि ते पाणी सुकण्यास वेळ द्यावा लागतो. जमीन तयार झाली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकावेत. ते लगेच शोषले गेले तर नळ्या मोकळ्या आहेत; मोत्यांसारखे तसेच राहिले तर तेल किंवा साय अजून शिल्लक आहे.

दुसरा शत्रू ओलावा होय. जबलपूरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो, आणि काळी माती असेल तेथे ती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. काँक्रीटच्या खाली प्लॅस्टिकचा कागद घातलेला नसेल तर हा ओलावा हळूहळू वर चढतो. वरून कोरडी दिसणारी जमीन आतून ओली असू शकते. अशा जमिनीवर कवच चढविले की बाहेर पडण्यास वाट न मिळालेली वाफ त्याला खालून ढकलते आणि फोड येतात. याची परीक्षा अशी करतात : सुमारे 45 सेंटिमीटर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून 16 तास जमिनीवर ठेवावा. त्याखाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडले तर थांबावे. नवे काँक्रीट असल्यास निदान 28 दिवस जाऊ द्यावेत.

हवेतील ओलाव्याचाही विचार करावा लागतो. ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव बनते त्याहून जमिनीचे तापमान किमान 3 अंश सेल्सिअस अधिक असावे, असा नियम आहे. श्रावणातील एखाद्या दिवशी हवेचे तापमान 28 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 85 टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे 25 अंश येतो. त्या वेळी जमीन 26 अंशांवर असली तरी काम करू नये. तसे केल्यास हार्डनरची हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी क्रिया होऊन पृष्ठभाग चिकट, पांढुरका होतो. मे महिन्यात अडचण उलट असते. पारा 40 अंशांच्या वर गेल्यावर मिश्रण बादलीतच घट्ट होऊ लागते आणि तापत्या काँक्रीटमधील हवा प्रसरण पावून थराला बुडबुडे आणते. थंडीत रात्री तापमान 10 अंशांच्या आसपास उतरले तर क्रियाच मंदावते. म्हणून दिवाळीनंतरचे काही आठवडे आणि पुढे फेब्रुवारी-मार्च हा काळ या कामास अधिक योग्य ठरतो.

मालाचा हिशेब सरळ आहे. 10 मीटर रुंद आणि 15 मीटर लांब अशा कार्यशाळेचे क्षेत्रफळ 150 चौरस मीटर भरते. तिच्यावर 0.3 मिलिमीटर जाडीचा थर हवा असेल तर द्रावकरहित एपॉक्सी 45 लिटर लागेल. प्रथम पातळ अस्तर द्यावे, म्हणजे ते नळ्यांमध्ये उतरून पकड घेते. त्यानंतर दोन हात द्यावेत. राळ व हार्डनर यांचे प्रमाण उत्पादकाने सांगितलेलेच ठेवावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढविल्यास जाळे अपुरे राहते. कच्च्या राळेने व हार्डनरने त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे आवश्यक समजावेत.

शेवटी, कोणते कवच योग्य हे त्यावर चालणाऱ्या कामावरून ठरते. जबलपूरमध्ये चालणारे उद्योगच उदाहरणादाखल घेऊ. तोफगाड्यांसारखे जड यंत्रकाम जेथे चालते तेथे तेल सांडते व लोखंडाचा कीस पडतो. तेथे जाड एपॉक्सीत वाळू पेरून खडबडीत पृष्ठभाग करतात. वाहनांच्या कारखान्यात चाकांची पिळवटणारी घासण सोसावी लागते. स्फोटके हाताळली जातात तेथे मात्र साधे एपॉक्सी धोक्याचे ठरते. ते विजेला विरोध करते, त्यामुळे पावलांच्या घर्षणाने साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरू शकत नाही आणि एखादी ठिणगी अनर्थ घडवू शकते. तेथे कार्बनयुक्त, वीजवाहक थर देऊन तो भूमीशी तारेने जोडावा लागतो. ओतशाळेत जेथे वितळलेले लोखंड सांडण्याचा संभव असतो तेथे एपॉक्सी जळेल, आणि उघड्या काँक्रीटमधील पाण्याची क्षणात वाफ होऊन त्याच्या ठिकऱ्या उडतील. अशा जागी वाळूची किंवा उष्णतारोधक विटांची जमीन हवी.

काम पुरे झाल्यावर त्याची परीक्षाही घेता येते. 5 सेंटिमीटर व्यासाची धातूची चकती थराला चिकटवून यंत्राने वर ओढतात. सुमारे 300 किलोग्रॅम वजनाइतकी ओढ थराने सहन केली आणि शेवटी कवच न सुटता खालचे काँक्रीटच तुटले, तर पकड पक्की झाली असे समजतात. ही परीक्षा प्रथम कोपऱ्यातील एखाद्या चौरस मीटरच्या नमुन्यावर घेणे शहाणपणाचे होय. जमिनीत काही उणीव असेल तर ती तेथेच उघडकीस येते आणि संपूर्ण जमिनीवरील खर्च व कामबंदीचे दिवस वाया जात नाहीत.