टिळकांच्या घरातील तीन पिढ्या आणि ‘स्मृतिचित्रे’

घरातील वडीलधारी स्त्री गेली की तिची आठवण बहुधा ठराविक शब्दांत सांगितली जाते. प्रेमळ पत्नी, वत्सल आई, लाडकी आजी. यातून तिचे माणूसपण फारसे हाती लागत नाही. मराठी ख्रिस्ती समाजातील एक स्त्री मात्र याला ठळक अपवाद ठरली. तिची आठवण तिच्याच शब्दांत उरली आणि ते शब्द मुलाने व पुढे नातवाने जपले. त्या म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक. लोकमान्यांच्या आडनावामुळे आजही काहींचा घोटाळा होतो, म्हणून सांगायचे, की या कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेली वस्तू शक्य तोवर धुऊनच घरात घ्यायची. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. पती प्रतिभावंत, पण एका जागी न टिकणारा आणि हाती आलेला पैसा न टिकवणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या संसाराचे दोन तुकडे झाले.

त्या काळी या घटनेचा अर्थ काय होता, हे आज शहरात राहणाऱ्या वाचकाला चटकन उमगणार नाही. पती धर्मांतरित झाला, म्हणजे पत्नीच्या दृष्टीने तो जिवंत असूनही घरापुरता मेल्यासारखाच. त्याच्या हातचे पाणी चालणार नाही, त्याच्या पंक्तीला बसता येणार नाही. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे नातलगांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. दुरावा होता, संताप होता, तरी पतीवरची माया आटली नाही. पुढे त्या अहमदनगरला गेल्या, तेव्हाही आरंभी सोवळे सोडून नव्हे. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांना प्रथम पटले. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यानंतरचा, १९०० सालचा. पतीच्या मागे मुकाट्याने गेलेली स्त्री, असे जे त्यांचे चित्र कधी कधी रंगवले जाते, ते म्हणूनच खरे नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर तब्बल पाच वर्षे त्यांनी आपल्या बुद्धीला पटेपर्यंत वाट पाहिली.

नगरच्या घरात पोटच्या मुलाबरोबर परक्यांची मुलेही वाढली. टिळक कुणालाही घेऊन येत आणि निभावून नेण्याचे काम लक्ष्मीबाईंवर पडे. बालकवी ठोमरे याच घरात काही काळ राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखेच मानले. १९१८ साली बालकवींचा रेल्वेखाली अपघाती मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

‘स्मृतिचित्रे’चे मूळ इथे आहे. मुलगा देवदत्त यांना वडिलांचे चरित्र सिद्ध करायचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती पतीच्या तुटक शिकवणीतून. त्यामुळे त्यांनी बोलावे तसे लिहिले. पतीच्या चरित्राची सामग्री म्हणून जे सुरू झाले, ते पाहता पाहता पत्नीचे आत्मचरित्र झाले. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला; शेवटचा भाग मात्र छापलेला पाहणे लेखिकेच्या नशिबी नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

या पुस्तकाचे बळ त्याच्या निर्भय विनोदात आहे. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांचा विसराळूपणा, घरात पैसा नसताना चाललेले दातृत्व यातले काहीच लेखिका लपवत नाही, आणि स्वतःची फजितीही तितक्याच मोकळेपणाने सांगते. दिवंगत पतीविषयी असे लिहिण्याचे धाडस आजच्या श्रद्धांजलीपर लेखांतही क्वचितच आढळते. दोष सांगूनही प्रेम तसूभर कमी झालेले दिसत नाही, किंबहुना दोषांमुळेच ते खरे वाटते. आणि धर्म बदलला तरी भाषा बदलली नाही. माजघरातली, ओसरीवरची, नाशिककडच्या ब्राह्मण घरातली मराठी ख्रिस्ती झाल्यावरही तशीच राहिली.

नातवाचे काम वेगळ्या प्रकारचे. आजी आठवणीच्या ओघात लिहीत गेली. सनावळ्या, माणसांची नाती, प्रसंगांचा क्रम यांची तिने फारशी फिकीर केली नाही. अशोक देवदत्त टिळक यांनी संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ संपादित करताना टीपांच्या आधारे हे धागे जुळवले. आजीवरच्या प्रेमापोटी तिची वाक्ये ‘सुधारण्याचा’ मोह नातवाला झाला असता, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते! विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी या पुस्तकावर केलेल्या चित्रपटात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाई साकारल्या, आणि २०१७ साली शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आला.

या घराचे आणखी एक सामाईक काम मात्र बरेच मागे पडले आहे. येशूचे चरित्र ओवीबद्ध मराठीत आणण्याच्या हेतूने टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या परंपरेतला हा प्रयत्न. टिळकांच्या हयातीत थोडेच अध्याय झाले. पुढे लक्ष्मीबाईंनी उतारवयात त्यात ६४ अध्यायांची भर घातली, तरीही काव्य पुरे झाले नव्हते. अखेरचा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि आईच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, ‘ख्रिस्तायन’ प्रकाशित झाले.