वेळासच्या किनाऱ्यावरील पहारा

रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडपासून सागर दूर असला, तरी या परिसराचे पाणी सावित्री नदीतून बाणकोटच्या खाडीला जाते. खाडीच्या मुखाजवळच मंडणगड तालुक्यातील वेळासचा किनारा आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री तेथील वाळूत शंभरेक अंडी घालून समुद्रात परततात.

पूर्वी ही अंडी माणसे व कोल्हे-कुत्री पळवीत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने संरक्षणकार्य आरंभिले. कार्यकर्ते पहाटे वाळूतील माग शोधतात आणि अंडी हळुवार उचलून, भरतीरेषेच्या वर कुंपणात तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. वादळाने उधाण चढल्यास अधिक जपावे लागते. कारण वाळूत खारे पाणी साचले की अंड्यातील जीव गुदमरतो. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले समुद्राकडे झेपावतात.

भरतीने आणून टाकलेले प्लॅस्टिक त्यांच्या वाटेत अडसर ठरते. नदीकाठच्या बाजारपेठांतून ओढ्यात गेलेली पिशवीही अखेर समुद्राकडेच जाते. वेळासला जाऊन पहारा देणे सर्वांना शक्य नाही. परंतु आपल्या दुकानातील प्लॅस्टिक पाण्यात जाऊ न देणे प्रत्येक व्यापारी कुटुंबाला शक्य आहे. तीही जीवदयाच होय.